गरुडाची पाठ

शंतनु वैरागडेच्या हातात कुठलीही वस्तू दिली, की ती कशी चालते याआधी ती कशी मोडेल हे त्याला दिसायचं. या गुणाबद्दल त्याची सॉफ्टवेअर कंपनी त्याला पगार द्यायची. बाकीचे इंजिनिअर मेहनतीने काहीतरी उभं करत, मग शंतनु येऊन ते कुठून आणि कुठल्या सणाच्या दिवशी कोसळेल हे सांगे. ऑफिसात त्याला मान होता. घरी हेच काम तो फुकट करायचा, त्यामुळे मान थोडा कमी होता. नागपूरला स्वतःच्या लग्नात स्टेजवर चढण्यापूर्वी त्याने डेकोरेटरला बाजूला घेऊन विचारलं होतं, की ही फळी एका वेळी किती मामा पेलेल. आश्लेषाने ते ऐकलं होतं आणि तरीही हार घातला होता. तेव्हा पुढे तक्रार करायला तिला फारशी जागा उरली नव्हती. ती तरी करायची.

बंगळुरात जे. पी. नगरातल्या एका जुन्या दुमजली घराचा वरचा मजला त्यांनी भाड्याने घेतला होता. आश्लेषा फिजिओथेरपिस्ट होती. जयनगरातल्या दवाखान्यात ती लोकांचे आखडलेले खांदे सोडवायची आणि घरी येऊन शंतनुचे छंद मोजायची. गॅलरीत एक बोन्साय होतं, ते अजून नर्सरीच्या पिशवीतच होतं, कारण कुंडीतल्या निचऱ्याचा प्रश्न सुटला नव्हता. एक दुर्बीण होती, तिच्या स्टँडच्या थरथरीवर शंतनुचा सखोल अभ्यास झाला होता. चंद्र तेवढा बघायचा राहिला होता. प्रत्येक छंदाची शेवटची पायरी अशी कायम विचाराधीन असायची.

‘इंटार्सिया’ हा शब्द त्याने पहिल्यांदा जेवताना उच्चारला, तेव्हा आश्लेषाला तो एखाद्या स्नायूचा आजार वाटला. मग त्याने समजावलं. वेगवेगळ्या रंगांची लाकडं आणायची, चित्राचा एकेक तुकडा बारीक करवतीने कापायचा, घासून त्याला उंचसखल गोलाई द्यायची, सगळे तुकडे फट न ठेवता एकमेकांना भिडवायचे आणि शेवटी एका सपाट फळीवर चिकटवायचे. रंग लावायचा नाही. लाकडाचा जो रंग, तोच चित्राचा.

“म्हणजे जिगसॉ पझल,” आश्लेषा म्हणाली.

“जिगसॉ सपाट असतं.”

“आणि लोक ते पूर्ण करतात.”

खाली राहायच्या भागुबाई अक्का, घराच्या मालकीण. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातलं. घरची भाषा मराठी, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलेलं की कुठली भाषा कुठे संपते ते अक्कांनाही सांगता आलं नसतं. लहान-तरुण माणसाला त्या लाडाने ‘मरी’ म्हणायच्या. कन्नडमध्ये त्याचा अर्थ पिल्लू असा होतो, हे कळेपर्यंत शंतनु भाडं वेळेच्या आधीच देत होता.

अक्कांचा एक नेम होता. सकाळी गच्चीवर जायचं, आकाशात गरुड शोधायचा, दिसला की हात जोडून दोन्ही तळवे गालांना लावायचे आणि मगच खाली येऊन कॉफी घ्यायची. पक्षी म्हणाल तर ती ब्राह्मणी घार: डोकं आणि छाती पांढरी, बाकी अंग विटकरी. पण इथली जुनी माणसं तिला गरुडच म्हणतात आणि रविवारी दिसली तर आठवडा चांगला जातो असं मानतात. गेल्या वर्षापासून अक्कांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग निकामी होत चालला होता. ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच नाहीसं व्हायचं, कडेचं तेवढं दिसायचं. त्यामुळे माणसाशी बोलताना अक्का दाराकडे तोंड करून बसायच्या. नव्या माणसाला वाटे, बाई रागावल्यात.

“गरुड कुठं तरी फिरत असतो,” त्या शंतनुला म्हणाल्या होत्या, “आणि मी पाण्याच्या टाकीला नमस्कार करून येते. टाकी तरी पावते काय बघू.”

शंतनुला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की तो प्रकल्प हाती घ्यायचा. “अक्का, मी तुम्हाला लाकडाचा गरुड करून देतो. मांडीवर घेऊन बघता येईल एवढा मोठा. त्याच रंगांचा.”

“खरंच? मग बेगीन कर हं, मरी. डावा डोळा गेल्यातच जमा आहे. उजव्यात अजून स्वल्प आहे.”

इथपर्यंत सगळं ठीक होतं. इतकंच नव्हे, पुढेही बराच काळ ठीकच होतं. शंतनुने गॅलरीत करवतीचं छोटं यंत्र बसवलं, आश्लेषाच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर विटकरी भुसा पसरला आणि गरुड आकाराला येऊ लागला. पांढऱ्या डोक्या-छातीसाठी चन्नपट्टणची खेळणी करतात ते फिकट, हलकं लाकूड त्याने मिळवलं. अंगाला होन्ने, म्हणजे आपला बिबळा. पंखांच्या टोकांना काळसर शिसम, चोचीला फणस. काम खरोखर सुरेख उतरलं होतं. तुकडे एकमेकांना असे भिडले होते की बल्बसमोर धरले तर मधून उजेडाची रेघ यायची नाही. छातीखाली पांढरं संपून विटकरी सुरू होतं, त्या सांध्यावरून तो डोळे मिटून नख फिरवायचा. नख कुठेच अडकत नव्हतं. आश्लेषानेही एकदा फिरवून बघितलं आणि काही टोमणा मारला नाही, यावरून कामाची प्रत कळावी.

सगळे तुकडे घासून, तेलपाणी होऊन, जेवणाच्या टेबलावर एका मोठ्या ट्रेमध्ये मांडले गेले. दोघं जमिनीवर बसून जेवू लागली. आता फक्त मागे लावायची फळी निवडायची होती. एखाद्या सामान्य माणसाने दुकानातून प्लायवूडचा तुकडा आणला असता. शंतनु सामान्य नव्हता, हे त्याच्या कंपनीने दर वर्षी लेखी कळवलं होतं.

त्याने शिकवणारे व्हिडिओ लावले. थंड देशातल्या आपल्या प्रशस्त गॅरेजमध्ये उभा असलेला एक गोरा म्हातारा म्हणाला, पातळ प्लायवूड लावा आणि मोकळे व्हा. दुसरा म्हणाला, पातळ प्लायवूड लावणाऱ्याचं चित्र पापडासारखं वाकतं. तिसरी एक बाई म्हणाली, की याचं उत्तर तुमच्याकडच्या हवेवर अवलंबून आहे. शंतनुला तिसरीच पटली, कारण तिने उत्तर दिलं नव्हतं.

मग पर्याय आले. हार्डबोर्ड: एक बाजू गुळगुळीत, दुसरी खरखरीत, ओलाव्यात दोन्ही बेभरवशाच्या. एमडीएफ, म्हणजे दाबलेल्या भुशाची फळी: सपाट, शिस्तीचं, पण पाणी दिसलं की फुगायचं आणि पुन्हा कधी पूर्वीसारखं व्हायचं नाही. पातळ प्लाय वाकेल. जाड प्लाय वाकणार नाही, पण वजन वाढेल. वजन वाढलं तर मागची कडी सुटेल. कडी सुटली तर चित्र खाली येईल. खाली कोण बसलेलं असेल? अक्का. या विचारसरणीने शंतनु एका संध्याकाळी प्लायवूडपासून सदोष मनुष्यवधापर्यंत पोचला.

त्याने चाचणी घ्यायचं ठरवलं. चारही प्रकारच्या पट्ट्या कापून बाथरूमच्या खिडकीत उभ्या केल्या. तिथली हवा सगळ्यात दमट.

“मी अंघोळ करू शकते ना?” आश्लेषाने विचारलं.

“कर की. उलट गरम पाण्याने कर. वाफ हवीच आहे.”

“आणि दार?”

“दार नेहमीइतकंच उघड. म्हणजे सगळ्यांना सारखी परिस्थिती मिळेल.”

आश्लेषा दाराकडे आणि मग नवऱ्याकडे बघत राहिली. पण प्रयोग झाला. एमडीएफ फुगलं, पातळ प्लाय वाकला, हार्डबोर्डला बुरशी आली, जाड प्लाय जसाच्या तसा राहिला. कुणालाही वाटेल, निकाल लागला. शंतनुला वाटलं, की जाड प्लायला खिडकीच्या कोपऱ्यात वारा जास्त मिळाला असावा. पट्ट्यांच्या जागा बदलून प्रयोग पुन्हा सुरू झाला.

जिन्यात अक्का भेटायच्या, भिंतीकडे तोंड करून विचारायच्या, “कुठवर आलं रे?”

“झालंच, अक्का. पाठ राहिलीय फक्त.”

“कुणाची पाठ?”

“गरुडाची.”

“मला समोरून बघायचंय नव्हं? पाठ कशाला एवढी?”

“पाठ चांगली असली तर पुढचं टिकतं, अक्का. वर्षानुवर्षं.”

“सरी, बरं,” अक्का म्हणायच्या आणि कठडा चाचपत खाली जायच्या. वर्षानुवर्षं हा शब्द त्यांनी किती मनावर घेतला असेल, ते भिंतीलाच ठाऊक.

यानंतर शंतनुने जे केलं, ते त्याच्या धंद्यातल्या माणसांखेरीज कुणाच्या डोक्यात आलं नसतं. त्याने पाठीच्या फळीचं डिझाइन डॉक्युमेंट लिहिलं. उद्दिष्ट, पर्याय, धोके, शिफारस, आणि ‘या प्रकल्पात काय येत नाही’ अशा शीर्षकाखाली प्रामाणिकपणे ‘चित्राची पुढची बाजू’ असं लिहिलं. ते आश्लेषाला अभिप्रायासाठी पाठवलं. तिने ‘ठीक आहे’ असं लिहिलं. शंतनुने खाली विचारलं, ‘कुठल्या मुद्द्याबद्दल?’ तिने उत्तर दिलं नाही, म्हणून मुद्दा उघडा राहिला.

मग त्याने ऑफिसातल्या हयवदनला घरी बोलावलं. हयवदन कलबुर्गीकडचा, घरी मराठी-कन्नड दोन्ही बोलणारा, अत्यंत शांत माणूस. कुणाचंही काम तपासताना तो एकच शंका काढायचा आणि ते काम पुढच्या तिमाहीत जायचं. त्याने पोहे खाल्ले, ट्रेमधला गरुड बघून “छान” म्हणाला, डॉक्युमेंट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि बशी बाजूला ठेवली.

“रोलबॅक कसा करणार?”

“म्हणजे?”

“एकदा गोंद लावला की लागला. उद्या कळलं फळी चुकली, तर तुकडे सुटे कसे करणार?”

स्वयंपाकघरातून आश्लेषा म्हणाली, “हयवदन, तुमचं लग्न झालंय का हो?”

“नाही वहिनी. बघणं चालू आहे.”

“चालूच राहणार ते.”

पण शंतनुचा चेहरा उजळला होता. खरंच की, रोलबॅकचा विचारच झाला नव्हता. पुढे बराच काळ तो लोहचुंबकं वापरून तुकडे सुटे ठेवता येतील का, हे तपासत होता. येत होते, फक्त चुंबकं एकमेकांना ओढायची आणि गरुडाची चोच शेपटीला जाऊन चिकटायची.

अशातच आश्लेषा एक दिवस अक्कांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. परत आली ती चपला काढायच्या आधीच बोलायला लागली.

“डॉक्टर म्हणाले, उजव्या डोळ्याचाही भरवसा नाही. आत रक्त उतरलं तर आहे तेही जाईल. कधीही.”

“अरे बापरे.”

“अरे बापरे म्हणू नकोस. ट्रे उचल. आपण आत्ता खाली जाऊ आणि त्यांना दाखवू.”

“आत्ता? अगं, तुकडे सुटे आहेत. जिन्यात हलतील.”

“मग त्यांना वर आणते. धरून आणीन. ते माझं रोजचं काम आहे.”

“नको ना. अर्धवट दाखवण्यात काय मजा? मी कुठलीही अर्धवट गोष्ट बाहेर पाठवत नाही, माहितीय तुला. थोडे दिवस दे. नीट भिंतीवर लागलेलाच बघू दे त्यांना.”

“शंतनु, पुढची बाजू झालेली आहे. त्यांना पुढचीच बघायचीय.”

“पण मागं काहीच नाहीये त्याच्या.”

आश्लेषाने चपला काढल्या. “फळी शंभर वर्षं टिकवायचीय तुला,” ती म्हणाली. “त्यांचा डोळा किती टिकतो, ते तुझ्या डॉक्युमेंटमध्ये कुठे लिहिलंय?”

लिहिलेलं नव्हतं. शंतनु मनातून हलला. इतका, की त्याने त्याच संध्याकाळी चुंबकांचा नाद सोडला आणि जाड प्लायवर शिक्कामोर्तब केलं. आता पाणी मुरू नये म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी लेप द्यावा की एकाच, एवढाच प्रश्न शिल्लक होता. त्यासाठी पट्ट्या पुन्हा बाथरूमच्या खिडकीत गेल्या.

पट्ट्या खिडकीत असतानाच अक्का येलहंक्याला लेकीकडे राहायला गेल्या. तिकडेच एका सकाळी उठल्या तेव्हा उजव्या डोळ्यासमोर काळं आलं होतं. इंजेक्शनं झाली. लेकीने आश्लेषाला फोन करून कळवलं, की रक्त थांबलंय, पण आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं, रंग नाहीत, आकार नाहीत. आई घरी यायचं म्हणते. स्वतःच्या घरात भिंती पाठ आहेत म्हणते.

आश्लेषाने फोन ठेवून हे सगळं शंतनुला सांगितलं आणि ती गॅलरीत कपडे वाळत घालायला गेली. भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

तो उठून कोपऱ्यावरच्या प्लायवूडच्या दुकानात गेला. दुकानदाराने विचारलं, कुठलं देऊ.

“सहा एमएमचं. कुठलंही.”

“पाण्यात चालणारं, की साधं?”

“तुमच्या हाताला लागेल ते द्या.”

दुकानदाराने हाताला लागलेलं दिलं. कडा कापायला, घासायला, गोंद लावायला आणि वर तांदळाचा डबा अन् व्यायामाची वजनं ठेवून दाबायला एक दुपार लागली. मधले सगळे आठवडे कशात गेले होते, याचा हिशोब शंतनुने काढला नाही. त्याच्यासारख्या माणसाने हिशोब काढला नाही, याचीच आश्लेषाला जरा काळजी वाटली.

अक्का परत आल्यावर तो गरुड घेऊन खाली गेला. त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या, तोंड सरळ समोर. आता कडेने बघण्याचंही कारण उरलं नव्हतं.

“अक्का, आणलाय.”

“आला? दे इकडं.”

“भिंतीवर लावून देऊ? कडी बसवलीय मागे.”

“भिंतीवर लावून मी काय करू, मरी? मांडीवर दे.”

कडी किती वजन पेलेल याचं जे गणित त्याने मांडलं होतं, ते एवढ्यावर निकालात निघालं. त्याने गरुड मांडीवर ठेवला. अक्कांनी आधी कडेकडेने हात फिरवला, मग पंखाच्या टोकापासून आत आल्या.

“हे पंख. एक, दोन... ही सगळी वेगळी पिसं केलीस?”

“हो.”

“ही चोच. बाक बरोबर आलाय.” बोट चोचीवरून डोक्यावर गेलं, तिथून खाली घसरलं. “मागं काय लावलंस शेवटी?”

या प्रश्नावर शंतनु पूर्वी विनाथांबा बोलू शकला असता. “प्लायवूड,” तो म्हणाला.

“साधं?”

“साधं.”

“बरं केलंस.” बोट मानेवरून छातीकडे, छातीकडून पोटाकडे गेलं. अक्का थांबल्या. “पांढरं कुठं संपतं रे?”

“तिथेच, तुमच्या बोटाखाली.”

“कुठं?”

“थोडं वर. हां, इथे.”

अक्कांनी बोट वर नेलं, खाली आणलं, नखाने चाचपलं. “लागत नाही मला. सगळं एकच आहे.”

“तो सांधा...” शंतनु म्हणाला. सांधा लागूच नये म्हणून तो किती खपला होता, हे सांगायला त्याने तोंड उघडलं आणि पुढचं वाक्य त्याला स्वतःलाच ऐकवेना. दारात आश्लेषा उभी होती. तिच्याकडे बघायचं त्याने टाळलं. अक्कांचं बोट धरून त्याने ते छातीच्या खालच्या कडेने सावकाश फिरवलं, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत.

“इथून असं. याच्या वर पांढरं, खाली विटकरी.”

“परत.”

त्याने परत फिरवलं.

“तू गेलास की मला नाही कळायचं,” अक्का म्हणाल्या. “गरुडाचं पांढरं दिसलं की मी हात जोडते. पांढरं नसलं तर नुसतं पाखरूच ते, साधी घारसुद्धा असेल की.” त्यांनी त्याच जागी नख दाबलं. “इथं जरा खण की. मला लागेल असं.”

“खणायचं? सांध्यावर?”

“होत नाही काय?”

होत होतं. फणस-शिसम सोडाच, होन्नेसुद्धा कोरणीखाली कडेने उडू शकतं. पांढरं लाकूड मऊ, त्यात कोरणी नको तितकी आत जाईल. दोन लाकडांच्या मधोमध सरळ चर पाडणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. आणि रोलबॅक तर अजिबात नव्हता. हे सगळं शंतनुला नेहमीप्रमाणे एका क्षणात दिसलं.

“आणतो,” तो म्हणाला आणि वर जाऊन कोरणी घेऊन आला.

अक्कांनी गरुड मांडीवरून सोडला नाही, म्हणून तो समोर जमिनीवर बसला आणि तसाच चर पाडू लागला. आश्लेषाने पुढे येऊन गरुडाच्या दोन्ही कडा धरल्या. पहिल्याच फटक्याला होन्नेची एक ढलपी उडाली आणि आरशासारख्या लाकडावर ओरखडा उमटला. तो थांबला नाही. भुसा अक्कांच्या लुगड्यावर पडत होता.

अर्धी कड झाली तेव्हा अक्कांनी त्याचा हात बाजूला सारला आणि चरात बोट घातलं. बोट चराच्या शेवटपर्यंत गेलं, गुळगुळीत लाकडावर अडलं आणि मागे आलं.

“इथवर कळलं,” त्या म्हणाल्या. “आता त्या पुढच्या खांद्यापर्यंत ने.”